तुम्ही विचारलंत म्हणून : पार्किंगमधून पाहिलेला हंगाम

कोल्हापूरला सुट्टीवर गेले की दोन दिवसांत हा प्रश्न येतोच. "तिकडं युरोपात राहतीस, मग मँचेस्टर, बार्सिलोना सोडून कुठल्या त्या लहान गावच्या टीमचं काय घेऊन बसलीयास?" मावसभाऊ विचारतो, मैत्रिणींचे नवरे विचारतात. एकदा रिक्षावाल्या काकांनीही विचारलं, कारण भर मे महिन्यात माझ्या लेकाच्या गळ्यात काळा-तांबडा मफलर होता.

ज्यांना जरा जास्त माहिती असते ते पुढचा प्रश्न टाकतात. माझ्या तोंडी सतत एफसी मिट्यूलन या डेन्मार्कच्या क्लबचा, त्यांनी लीग जिंकली तो २०१९-२० चा फुटबॉल हंगाम असतो, म्हणून. "तो कोरोनातला ना? रिकाम्या मैदानातला? त्याला काय जेतेपद म्हणायचं?"

पहिला प्रश्न मी समजू शकते. दुसरा ऐकला की मात्र माझा आवाज चढतो. रिक्षात बसून त्याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून एकदा नीट बसून लिहिते आहे.

आधी मी कुठली ते सांगते, कारण निम्मं उत्तर तिथंच आहे. आमचं घर मंगळवार पेठेत. कोल्हापुरात फुटबॉल टीव्हीतून आलेला नाही, तो तालमींतून आला. ज्या तालमीत लाल मातीत कुस्ती, त्याच तालमीच्या नावाची फुटबॉलची टीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. मॅचच्या दिवशी पेठेतली निम्मी माणसं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर असायची. आप्पा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. पायऱ्यांवर बायका-मुली फारशा नसायच्या, पण आप्पांना त्याचं काही वाटलं नाही, त्यामुळे मलाही कधी वाटलं नाही. मैदानात खेळणारी पोरं आम्हाला नावानिशी ठाऊक. कालच्या सामन्यात गोल मारणारा आज दूध घालायला दारात. त्याच्यापेक्षा भारी खेळणारे जगात हजारो आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण ते आमच्या दारात येत नव्हते.

२०१६ च्या शरदात मी नवरा आणि चार वर्षांच्या मुलासह डेन्मार्कला आले. नोकरी पवनचक्क्यांच्या कंपनीत, ऑफिस ब्रांडे गावात, आणि घर तिथून वीसेक किलोमीटरवर हेर्निंगला. डेन्मार्क म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोपनहेगन येतं, कालवे, रंगीत घरं. हेर्निंग त्यातलं नव्हे. हे जटलंडच्या मधोमध आहे. एके काळी इथं नुसता माळ होता, खुरटी झुडपं आणि वाळूची जमीन. माणसं भुईतून काही निघेना म्हणून लोकर विणायला लागली, आणि त्यातून पुढं कापडाच्या गिरण्या आल्या. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. वारा बारा महिने. या वाऱ्यावरच माझं पोट चालतं, म्हणून त्याला नावं ठेवत नाही.

ऑफिसात पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने मला विचारलं, कुठल्या टीमची? मी म्हटलं, अजून कुठलीच नाही. त्यावर त्याने सांगायला घेतलं ते त्याच वर्षीच्या १८ फेब्रुवारीबद्दल. त्या रात्री इथल्या एफसी मिट्यूलनने युरोपा लीग या युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेत मँचेस्टर युनायटेडला हेर्निंगमध्ये २-१ हरवलं होतं. आठच दिवसांनी आपल्या घरच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, त्याच युनायटेडने ५-१ अशी परतफेड केली, पण ते त्याने मीच विचारलं तेव्हा सांगितलं. मला हा माणूस लगेच ओळखीचा वाटला. आमच्या पेठेत असे पन्नास होते.

नाव लिहिलेलं पाहिलं तर तोंडात बसत नाही, म्हणून सांगते. म्हणायचं मिट्यूलन. अर्थ सरळ आहे, मध्य जटलंड. क्लब १९९९ मध्ये जन्मला, तोही दोन क्लबांच्या विलीनीकरणातून. एक इकास्ट एफएस, दुसरा हेर्निंग फ्रेमाद. दोन्ही गावांत दहा-बारा किलोमीटरचं अंतर आणि पिढ्यान्‌पिढ्यांची चुरस. कोल्हापूरकराला हे कसं समजावू? उद्या कुणी सांगितलं की पाटाकडील आणि दिलबहार एक झाले, जर्सीही एक झाली, तर रविवार पेठ आणि मंगळवार पेठ ते कसं गिळतील, एवढंच डोळ्यांसमोर आणा.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, मूळचे इकास्टचे, हयात विणकामाच्या गिरणीत गेलेली. डॅनिशमध्ये सगळ्यांना एकेरीच बोलायचं असतं, त्यांनाही मी नावानेच हाक मारते, पण मनातल्या मनात अजून 'अहो' म्हणते. विलीनीकरण झालं तेव्हा हे आजोबा दोन वर्षं मैदानाकडे फिरकले नव्हते. इकास्टने राष्ट्रीय विजेतेपद कधी जिंकलं नाही, पण हरायचे तेही आपले हरायचे, असं ते म्हणतात. मग एक दिवस नातवाने हट्ट केला म्हणून गेले, आणि तेव्हापासून त्यांचा मोसमाचा पास चुकलेला नाही.

बाकी क्लबची जी गोष्ट जगाला माहीत आहे ती थोडक्यात. २०१४ मध्ये पैशाने डबघाईला आलेला हा क्लब मॅथ्यू बेनहॅम या इंग्रजाने घेतला. लंडनचा ब्रेंटफर्डही त्याचाच. आकडेवारीवरून खेळ समजून घेणारा माणूस. रासमुस अँकर्सन अध्यक्ष झाला. कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन या गोष्टी इतर क्लब सरावाच्या शेवटी उरकून टाकायचे, त्यांच्यावर इथं तासन्‌तास काम सुरू झालं. थॉमस ग्रॉनेमार्क नावाचा थ्रो-इनचा खास प्रशिक्षक इथं आला. पुढं लिव्हरपूलनेही त्याला बोलावलं. पहिल्याच वर्षी, २०१५ मध्ये, क्लबने आपलं पहिलं विजेतेपद घेतलं, दुसरं २०१८ मध्ये. यावर परदेशी पत्रकारांनी भरपूर लिहिलंय. वाचणाऱ्याला वाटावं की संगणकानेच लीग जिंकली. मला विचाराल तर त्याआधी दहा वर्षं, २००४ मध्ये, त्यांनी पोरांसाठी निवासी अकादमी काढली ती गोष्ट मोठी. सिमोन क्येर तिथं घडला, पुढं डेन्मार्कचा कर्णधार झाला. गावाला त्याचा अभिमान संगणकापेक्षा जास्त आहे.

आता त्या हंगामाकडे येते.

२०१९-२० मध्ये सुपरलीगमध्ये, म्हणजे डेन्मार्कच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, चौदा क्लब होते. तेव्हा सव्वीस फेऱ्या झाल्या की वरचे सहा वेगळे व्हायचे आणि आपसात घरी-बाहेर असे दहा सामने खेळायचे. म्हणजे विजेत्याला छत्तीस सामने. खालच्या आठांचे दोन गट. त्या वर्षी खाली जास्तच भीती होती, कारण पुढल्या वर्षीपासून लीग बारा क्लबांची होणार होती आणि तीन क्लब खालच्या लीगमध्ये जाणार होते. शेवटी एस्ब्यर्ग, होब्रो आणि सिल्केबोर्ग गेले.

आधीचं विजेतेपद कोपनहेगनकडे होतं, आम्ही दुसरे. जुलैत हंगाम सुरू झाला आणि ऑगस्टमध्येच मुख्य प्रशिक्षक केनेथ अँडरसनने पद सोडलं. जागी आला ब्रायन प्रिस्के, आधी याच क्लबचा खेळाडू, मग सहायक प्रशिक्षक. गावात थोडी कुजबुज झाली. पण टीमला काही झालं नाही. मागे कर्णधार एरिक स्व्हियाचेंको आणि अलेक्झांडर शॉल्ट्स, मध्ये नायजेरियाचा फ्रँक ओन्येका, ज्याच्या पायात दिवसभर पुरेल एवढा दम, आणि ब्राझीलचा एव्हांडर. एव्हांडरने चेंडू थांबवला की आजोबा हातातला कॉफीचा कप खाली ठेवायचे. हे मी स्वतः कितीदा पाहिलंय. एरवी ते गोल होतानाही कप सोडत नाहीत.

तो शरद मला आठवतो तो ओल्या पायांसकट. एमसीएच अरेना, म्हणजे क्लबचं स्टेडियम, गावाच्या दक्षिण टोकाला आहे, बाजूला प्रदर्शनाची मोठी दालनं आणि भोवती नुसतं पार्किंग, मैलभर वाटावं असं. आडोसा म्हणून काही नाही. नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो आणि पाऊस वरून न येता बाजूने येतो. अशा संध्याकाळी सहा-सात हजार माणसं येऊन बसतात, उकडलेलं सॉसेज पावात घालून खातात, फारसं बोलत नाहीत, आणि कॉर्नर मिळाला की सगळी एकदम उभी राहतात. हो, कॉर्नरला. दुसरीकडे लोक गोलला उठतात, इथं कॉर्नरला उठतात, कारण पुढं काय होऊ शकतं हे त्यांना पाठ आहे. माझा लेक तेव्हा सात वर्षांचा. त्याला मराठीत 'कोपरा' शब्द येत नव्हता, पण डॅनिश कॉर्नर कुठल्या बाजूने आत वळणार हे तो मला सांगायचा.

डिसेंबरच्या मध्याला लीग थांबली, फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली. मार्चमध्ये चोवीस फेऱ्या झाल्या होत्या आणि आम्ही कोपनहेगनच्या बारा गुण पुढे होतो. बारा. ज्यांना त्या जेतेपदाबद्दल शंका आहे त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. रिकाम्या खुर्च्यांसमोर पहिला सामना व्हायच्या आधी, भरल्या मैदानांत, वाऱ्यापावसात ही आघाडी कमावलेली होती.

११ मार्चच्या संध्याकाळी पंतप्रधान मेटे फ्रेडरिकसन टीव्हीवर आल्या आणि देश बंद झाला. शाळा, कचेऱ्या, पुढं तीन दिवसांत सीमा. लीगही थांबली. दोन आठवड्यांनी भारतात टाळेबंदी लागली, विमानं बंद झाली. मे महिन्याची आमची तिकिटं रद्द झाली. आप्पा आणि आई मंगळवार पेठेत, शाहू स्टेडियमला कुलूप, आणि आप्पांना रोज संध्याकाळी चार वाजता कुठंतरी निघायची सवय. ते फोन करायचे. बोलायला नवीन काही नसायचं. "तुमची लीग सुरू झाली का गं?" नाही म्हटलं की म्हणायचे, "आमची पण न्हाई."

एप्रिलच्या मध्याला इथल्या लहान मुलांच्या शाळा उघडल्या. मेअखेर फुटबॉल. २८ मेला पहिला सामना ऑर्हूसला, तिथला क्लब एजीएफ विरुद्ध रँडर्स, १-१. मैदानात प्रेक्षक नाहीत, पण एजीएफने मैदानाच्या कडेला मोठमोठे पडदे उभे केले आणि हजारो लोक घरातून झूमवर त्या पडद्यांवर आले. कुणी मुलाला मांडीवर घेऊन, कुणी मागे स्वयंपाकघर. खेळाडू थ्रो-इन घ्यायला कडेला आला की त्याच्या मागे शेकडो छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात एक तोंड. लोकांनी त्याची गंमत केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मी अडीच महिने आई-आप्पांना तशाच चौकोनात बघत होते.

हेर्निंगने वेगळा मार्ग काढला. आमच्याकडे काय जास्त आहे? पार्किंग. क्लबने ठरवलं की स्टेडियमच्या दाराशीच, पार्किंगमध्ये, मोठे पडदे लावायचे, लोकांनी गाड्या घेऊन यायचं, काचा वर करून बसायचं आणि गाडीच्या रेडिओवर समालोचन ऐकायचं. दोन हजार गाड्यांची सोय करायचा त्यांचा विचार होता. भिंतीपलीकडे खरा सामना, अलीकडे आम्ही.

१ जून, सोमवार, इथल्या सणाची सुट्टी. समोर हॉर्सन्स, तक्त्यात बरेच खाली. आम्ही दोन तास आधी निघालो, आमची जुनी सेकंड हँड गाडी, मागच्या सीटवर लेक, डब्यात दडपे पोहे. नवऱ्याला घरी थांबावं लागलं, त्याला सर्दी होती आणि त्या दिवसांत सर्दी म्हणजे गुन्हाच. पुढच्या सीटवर मी फोन उभा करून ठेवला होता. त्यात आप्पा.

पार्किंगमध्ये पिवळी जाकिटं घातलेली स्वयंसेवक पोरं हाताने खुणा करून एकेका गाडीला जागा दाखवत होती. खिडक्यांतून मफलर लोंबत होते. एका ट्रॅक्टरच्या टपावर झेंडा होता, तो ट्रॅक्टर आत कसा सोडला कोण जाणे. मी आप्पांना फोन फिरवून सगळं दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढ्या गाड्यांत माणसं बसल्यात?" मी म्हटलं, हो. "आणि मॅच पलीकडं चाललीया?" हो. "मग ह्यास्नी घरी टीव्ही न्हाई व्हय?"

मी म्हटलं, आहे की.

आप्पा हसले नाहीत. "बरोबर हाय," म्हणाले.

टाळ्यांच्या जागी हॉर्न होते. टीम मैदानात आली, हॉर्न. कॉर्नर मिळाला, शेकडो हॉर्न एकदम, आणि लेक मागून उठून माझ्या खांद्यावरून स्टिअरिंगपर्यंत हात घालून वाजवतोय. भिंतीच्या आत खेळाडूंना तो आवाज ऐकू येत असणार, कारण आम्हालाही पडद्यावरच्या सामन्यात आमचेच हॉर्न क्षणभर उशिरा ऐकू यायचे.

आणि मग हॉर्सन्सने गोल केला.

पार्किंग गप्प झालं. मैदानात गोल खाल्ला तर निदान पाहुण्यांचा एक कोपरा ओरडतो. इथं पाहुणे नव्हतेच. शेकडो गाड्या आणि एकही आवाज नाही, फक्त रेडिओवरचा माणूस बोलतोय, प्रत्येक गाडीत तोच, काचांच्या फटींतून त्याचा आवाज सगळीकडून येतोय. फोनमधून आप्पांनी विचारलं, "काय झालं गं? आवाज गेला काय?"

सामना ०-१ असाच संपला. गाड्या एकेक करून निघायला लागल्या. मी किल्ली फिरवली, टक्‌ असा आवाज झाला आणि पुढं काही नाही. दोन तास रेडिओ आणि हॉर्न, जुनी बॅटरी बसली. आजूबाजूची जागा रिकामी होत चाललेली, मागे पोर, फोनवर आप्पा, आणि अडीच महिने घराबाहेरच्या माणसाशी समोरासमोर धड बोललेले नाही. बाजूच्या गाडीतला माणूस खाली उतरला. पन्नाशीचा, उन्हाने तांबूस झालेला, गळ्यात मफलर. त्याने काचेतून नुसती बोटांनी खूण केली, बॅटरी? मी मान हलवली. त्याने डिकीतून जंपर केबल काढली, माझ्या बॉनेटवर ठेवली आणि तीन पावलं मागे जाऊन उभा राहिला. अंतर ठेवायचं होतं ना. मी केबल लावली, त्याने त्याच्या बाजूची लावली, पुन्हा मागे झाला. गाडी सुरू झाली. मी आभार मानले. तो म्हणाला, "पुढच्या वेळी जिंकू." मग मला नीट पाहून, माझी डॅनिश ऐकून, विचारलं, "तुम्ही कुठल्या?" डॅनिश माणूस हे विचारतो तेव्हा उत्तर देशाचं हवं असतं, मला ठाऊक आहे. पण मागून लेक ओरडला, "हेर्निंग!" तो माणूस म्हणाला, "अच्छा, मी इकास्टचा," आणि केबल गुंडाळून निघून गेला.

आता कुणी म्हणेल, टीव्हीवर दिसणारी मॅच पार्किंगमध्ये बसून बघितली, त्यात एवढं काय? यातच आहे सगळं. तो क्लब आमचं तिकीट परत करून मोकळा झाला असता. त्याने आमच्यासाठी जागा शोधली. आणि माणसं आली, घरी सोफा असताना. आता मला सांगा, मँचेस्टरच्या क्लबला कोल्हापुरातला माझा मावसभाऊ माहीत आहे का? तो त्यांच्यावर जीव लावतो, लावू दे, प्रेमाला हरकत नाही. मला मात्र असा क्लब लागतो जिथं मी गेले नाही तर एक जागा रिकामी दिसते.

पुढचं भराभर घडलं. हळूहळू थोडे थोडे प्रेक्षक मैदानात सोडायला लागले, खुर्च्या सोडून सोडून. सगळीकडे ते सुरळीत झालं असं नाही. १ जुलैला एस्ब्यर्गमध्ये चषकाचा अंतिम सामना होता, सॉनरयुस्क विरुद्ध ऑल्बॉर्ग. ऑल्बॉर्गचे काही पाठीराखे अंतर पाळायला तयार होईनात, तेव्हा सामना मध्येच थांबवून त्यांना बाहेर काढावं लागलं. सॉनरयुस्कने २-० ने चषक जिंकला, त्यांचा पहिलाच. दक्षिणेतल्या त्या लहान क्लबसाठी मला मनापासून आनंद झाला. तिथंही कुणीतरी आपल्या आप्पांना फोन लावला असेल.

९ जुलैला हेर्निंगमध्ये कोपनहेगनशी सामना. जिंकलो की चार सामने शिल्लक असताना विजेतेपद, तेही गतविजेत्यांना हरवून. तिकिटं मोजकी, आम्हाला मिळाली नाहीत. आजोबांनाही नाही. आम्ही त्यांच्या अंगणात बसलो, मध्ये हिरवळीचा पट्टा सोडून, त्यांनी टीव्ही खिडकीत बाहेर तोंड करून ठेवलेला. जुलैत दहापर्यंत उजेड, पडद्यावर ऊन पडून निम्मं दिसत नव्हतं. ३-१. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आजोबा उभे राहिले, टाळ्या वगैरे काही नाही, कॉफीचा कप गवतात ठेवला आणि आत गेले. बाहेर आले ते हातात इकास्टचा जुना मफलर घेऊन. एकवीस वर्षं कपाटात होता. तो त्यांनी माझ्या लेकाच्या गळ्यात घातला, वरून काळा-तांबडा होताच.

आणि मग गावातून हॉर्न सुरू झाले. आधी दूर, अरेनाच्या बाजूने, मग मोठ्या रस्त्यावरून, मग आमच्या गल्लीतून. जूनमध्ये पार्किंगमध्ये शिकलेला तो हॉर्न लोकांनी घरी आणला होता. अकरा वाजले तरी चालू होता. भारतात तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. मी आप्पांना फोन करायचा नाही असं ठरवलं, आणि फोन त्यांचाच आला.

हंगाम २६ जुलैला संपला. मिट्यूलन ८२ गुण, कोपनहेगन ६८, तिसरा एजीएफ. छत्तीस सामन्यांत चौदा गुणांचा फरक. 'कोरोनातलं जेतेपद' म्हणणाऱ्यांना मी हेही सांगते की मार्चमध्ये बारा असलेली आघाडी रिकाम्या मैदानांनंतर कमी झाली नाही, वाढली. आणि घरचं मैदान रिकामं असण्याचा तोटा झाला असेल तर तो घरच्या आवाजावर खेळणाऱ्या आमच्यासारख्यांना जास्त झाला असेल. पहिलाच सामना आठवा.

त्या विजेतेपदामुळे क्लब पात्रता फेऱ्या खेळून पहिल्यांदा चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, गटात पोचला. गटात लिव्हरपूल, आयॅक्स आणि अटलांटा. पहिल्याच सामन्यात अटलांटाने आम्हाला घरी ४-० असं धुतलं. गटात शेवटी आम्ही तळाला राहिलो, दोन बरोबऱ्या आणि दोन गुण. त्यातली एक अटलांटाशी त्यांच्याकडे जाऊन, आणि दुसरी ९ डिसेंबरला, हेर्निंगमध्ये, लिव्हरपूलशी.

तो सामना भारतात टीव्हीवर दिसला. आप्पांनी सगळ्या घराला जागं ठेवलं होतं, मावसभावालाही बोलावलं होतं. तो लिव्हरपूलचा. तिथं रात्रीचे साडेअकरा वाजत आलेले. पंचावन्नाव्या सेकंदाला सालाहने गोल केला आणि मावसभावाने उडी मारली. आप्पा काही बोलले नाहीत. उत्तरार्धात बासष्टाव्या मिनिटाला शॉल्ट्सने पेनल्टीवर बरोबरी साधली, आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या बाहेरच्या खोलीतून एवढा आवाज आला की फोन फाटेल असं वाटलं. १-१.

सामना संपल्यावर कॅमेरा वरून फिरला. जवळजवळ रिकाम्या खुर्च्या, दिवे, आणि भिंतीपलीकडे अंधार. आप्पा फोन अगदी तोंडाजवळ धरून होते, ते टीव्हीवर काय बघतायत मला दिसत नव्हतं.

"ती गाड्यांची जागा कुठल्या बाजूला गं?" त्यांनी विचारलं.

"डावीकडं, आप्पा. अंधारात हाय."

"थांब, परत दाखवत्यात काय बघू," ते म्हणाले, आणि टीव्ही बंद करायला निघालेल्या मावसभावाचा हात त्यांनी धरून ठेवला.